व्यापारविद्यालयांतील नीतिपाठ

सद्गुण शिकवितां येतो कीं तो जन्मतःच अंगीं असावा लागतो, हा प्रश्न मेनो नांवाच्या एका तरुणानें सॉक्रेटिसास विचारल्याचें प्लेटोनें सांगितलें आहे. त्या संवादास चोवीसशें वर्षें होत आलीं, पण प्रश्न जुना झालेला नाहीं. गेल्या शंभर-सवाशें वर्षांत तर तो सॉक्रेटिसाच्या स्वप्नींहि न आलेल्या एका ठिकाणीं येऊन बसला आहे. तें ठिकाण म्हणजे व्यापारकारभाराचें उच्च शिक्षण देणारें विद्यालय. पदवी घेतलेले, बहुधा चार-दोन वर्षें नोकरी केलेले, पंचविशीच्या आसपासचे तरुण तेथें येतात. आणि हजारों माणसांच्या पोटाचा व लक्षावधि लोकांच्या ठेवींचा कारभार हांकण्यास ते दोन वर्षांत योग्य होतात, अशी निदान समजूत आहे. त्यांस जमाखर्च शिकवितां येतो, बाजारपेठेची पारख शिकवितां येते. पण सचोटी शिकवितां येते काय? ज्या वयांत हाडें पक्कीं झालेलीं असतात त्या वयांत मनास नवें वळण लागतें काय? या प्रश्नाचें उत्तर केवळ तर्कानें देण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. प्रस्तुत लेखांत तें इतिहासास विचारावें असा आमचा हेतु आहे. इतिहास मुख्यतः अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या विद्यालयाचा घेतला आहे. कारण या विद्येंतील एम्. बी. ए. ही पदवी तेथेंच जन्मास आली, आणि आपल्याकडील अशा संस्थांनीं कित्ता पुष्कळसा तेथूनच गिरविला.

विद्यापीठांनीं व्यापारास आपल्या उंबरठ्याच्या आंत सुखासुखीं घेतलें नाहीं. वैद्यक, कायदा आणि धर्मशास्त्र या तीन विद्यांस तेथें जुना मान होता. व्यापार ही पोट भरण्याची युक्ति, ती दुकानाच्या गादीवर बसून शिकावी, असें पंडितांचें मत होतें. १८८१ सालीं फिलाडेल्फिया येथील जोसेफ व्हॉर्टन या धनिकानें पेनसिल्व्हानिया विद्यापीठास एक लक्ष डॉलर देऊन ही कोंडी फोडली. व्हॉर्टन हा क्वेकर पंथाचा असून लोखंड व निकल यांच्या धंद्यांत त्यानें अमाप पैसा मिळविला होता. देणगीबरोबर त्यानें शिक्षणाची जी योजना लिहून दिली, तींत एक कलम लक्षांत ठेवण्याजोगें आहे. दुसऱ्यापासून जिंकून आणलेली संपत्ति आणि लोकांची कांहींतरी सेवा करून मिळविलेली संपत्ति यांतील भेद विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवावा. पहिला मार्ग अनीतीचा आहे, इतकेंच नव्हे तर व्यवहारदृष्ट्याहि अहिताचा आहे, हें त्यांस पटवून द्यावें, असा त्या कलमाचा आशय होता. यावरून दिसून येईल कीं, नीतीचा पाठ ही या विद्येस मागाहून लावलेली पुरवणी नव्हे. पायाभरणीच्या दगडाखालींच तो ठेवलेला होता.

१९०८ सालीं हार्वर्डनें याच विद्येची, पण पदवीधरांकरितां, स्वतंत्र शाळा काढली. आदल्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या पेढ्यांवर मोठी धाड आली होती, ठेवीदारांच्या रांगा लागल्या होत्या, आणि मोठमोठ्या उद्योगसंघांविषयीं लोकांच्या मनांत तिटकारा भरला होता. शाळेचे पहिले प्रमुख एडविन गे हे आर्थिक इतिहासाचे अभ्यासक होते. सभ्य नफा सभ्य मार्गानें मिळविणारा मनुष्य घडविणें, हें आपलें काम आहे असें ते सांगत. या साध्या सूत्रामागें एक मोठी प्रतिज्ञा दडलेली होती. वैद्यास वैद्य कां म्हणावें? त्याच्यापाशीं विशेष ज्ञान असतें म्हणून, आणि रोग्याच्या अज्ञानाचा फायदा घ्यावयाचा नाहीं असें बंधन त्यानें आपल्यावर घालून घेतलेलें असतें म्हणून. ज्ञान आणि बंधन हे दोन्ही पाय असतील तरच धंद्याचा व्यवसाय होतो. व्यापारी कारभारास असा व्यवसाय करून दाखवूं, हें वचन देऊन ही विद्या विद्यापीठांत शिरली. पुढें त्याच विद्यालयांतील अध्यापक राकेश खुराना यांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत या वचनाचा सबंध इतिहास मांडला, आणि उच्च ध्येयानें निघालेले हे कारभारी शेवटीं भाडोत्री हात कसे बनले, याचा हिशेब दिला. ज्ञानाचा पाय वाढत गेला व बंधनाचा लुळा पडला, असें त्या हिशेबाचें थोडक्यांत तात्पर्य सांगतां येईल.

१९१९ सालीं वॉलेस डॉनहॅम हे शाळेचे प्रमुख झाले. ते कायद्याचे पदवीधर असून बँकेंत काम केलेले होते. हार्वर्डच्या कायदेशाळेंत १८७० पासून न्यायालयांतील खऱ्या खटल्यांवरून कायदा शिकविण्याची रीत चालू होती. ती डॉनहॅम यांनीं व्यापारशाळेंत आणली. एखाद्या खऱ्या कंपनीपुढील अडचण कांहीं पानांत लिहून ती विद्यार्थ्यांच्या हातीं द्यावयाची; अध्यापकानें व्याख्यान द्यावयाचें नाहीं; त्यानें एवढेंच विचारावयाचें कीं, तुम्ही या जागीं असतां तर काय केलें असतें? १९२१ सालीं एका जोडे करणाऱ्या कंपनीची हकीगत अशा रीतीनें लिहिली गेली, आणि तेव्हांपासून अशा हजारों हकीगती तयार झाल्या. निर्णय घेण्याची व तो चारचौघांत मांडण्याची संवय लावण्यास या रीतीइतकी चांगली रीत क्वचितच सांपडेल. पण तींत एक उणीव आहे. हकीगतीची चौकट लिहिणारा आंखतो. मालाचा सांठा किती ठेवावा, एवढाच प्रश्न त्यानें मांडला, तर तो माल करणाऱ्या बाईची मजुरी, किंवा तो विकत घेणाऱ्याची फसगत, हा प्रश्न वर्गांत उपस्थितच होत नाहीं. विद्यार्थी उत्तरें देण्यांत तरबेज होतो. प्रश्न कोणता आहे हें ओळखण्याची त्यास संवय राहत नाहीं. आणि नीतीचा प्रश्न हा बहुधा कोणी लिहून दिलेला नसतो. तो ओळखावाच लागतो.

ही उणीव डॉनहॅम यांस मुळींच दिसली नाहीं असें नाहीं. जॉर्ज बेकर या सावकारानें दिलेल्या पन्नास लक्ष डॉलरांतून चार्ल्स नदीच्या पलीकडील तीरावर शाळेच्या नव्या इमारती उभ्या राहिल्या व १९२७ सालीं त्यांचा समर्पणसमारंभ झाला. तेव्हां व्यापाराच्या सामाजिक जबाबदारीवर मोठीं भाषणें झालीं, आणि त्याच सुमारास व्यापारनीतीचा एक स्वतंत्र अभ्यासक्रम टॉइश नांवाच्या तत्त्वज्ञानाच्या अध्यापकाकडे सोंपविण्यांत आला. तो ऐच्छिक होता. पुढच्या दशकांत, म्हणजे महामंदीनें सगळ्या अमेरिकेची झोंप उडविली असतां, तो बंद पडला! नीतीची चर्चा जेव्हां सर्वांत अवश्य, नेमकें तेव्हांच तिचें आसन रिकामें झालें. या अपयशांतून आम्हांस एक धडा दिसतो. नीतीस स्वतंत्र खोली दिली, आणि तिचें दार उघडावें कीं न उघडावें हें विद्यार्थ्याच्या खुषीवर सोंपविलें, म्हणजे तिच्या दारांत तेच येतात ज्यांस तिची गरज सर्वांत कमी असते. उरलेल्यांस तर ती स्वतंत्र खोली सोयीचीच वाटते. नीति तेथें आहे, मग जमाखर्चाच्या वर्गांत तिची उठाठेव कशाला?

दुसऱ्या महायुद्धानंतर वारें फिरलें. १९५९ सालीं फोर्ड व कार्नेगी या दोन प्रतिष्ठानांच्या आश्रयानें व्यापारशिक्षणाचीं दोन मोठीं परीक्षणें प्रसिद्ध झालीं. अभ्यासक्रम पोकळ, अध्यापक अर्धवट शिकलेले, विद्येस शास्त्राचें बळ नाहीं, असा त्यांचा निष्कर्ष होता, व तो बराचसा खराहि होता. उपाय म्हणून गणित, संख्याशास्त्र व अर्थशास्त्र यांची भरती झाली. त्यानें विद्या भक्कम झाली. पण ज्या गोष्टीची मोजदाद होत नाहीं ती गोष्ट विद्येच्या बाहेर पडली. १९७० सालीं मिल्टन फ्रीडमन या प्रख्यात अर्थशास्त्रज्ञानें एका वृत्तपत्राच्या साप्ताहिक अंकांत असें प्रतिपादन केलें कीं, कायदा व खुली स्पर्धा यांच्या मर्यादेंत राहून नफा वाढविणें हीच व्यापाराची सामाजिक जबाबदारी होय. फ्रीडमन यांच्या लेखांत मर्यादेची अट स्पष्ट होती. परंतु वर्गावर्गांतून तो सिद्धांत फिरतां फिरतां अट मागें राहिली आणि नफा पुढें गेला. कारभारी हा भागधारकांचा मुनीम, आणि मुनिमाचा स्वार्थ व धन्याचा स्वार्थ एकाच दोरीनें बांधले कीं काम झालें, असें तत्त्व पुढील दोन दशकांत रूढ झालें. ज्या मनुष्यास स्वार्थावांचून दुसरी प्रेरणाच नाहीं असें गृहीत धरून शिकविलें, तो बाहेर पडल्यावर स्वार्थावांचून दुसरी प्रेरणा दाखवीत नाहीं, याबद्दल मग आश्चर्य तें कसलें?

या पेरणीचें पीक १९८६ सालीं उघड्यावर आलें. त्या वर्षींच्या मे महिन्यांत बर्कली येथील व्यापारविद्यालयाच्या पदवीदानसमारंभांत आयव्हन बोस्की हा न्यूयॉर्कचा बडा सट्टेवाला भाषणास उभा राहिला. लोभ ही वाईट गोष्ट नव्हे, ती निरोगी आहे, असें त्यानें नवपदवीधरांस सांगितलें, आणि श्रोत्यांनीं त्यास दाद दिली. सहा महिन्यांच्या आंत, कंपन्यांच्या आंतल्या गोटांतील बातम्या आगाऊ मिळवून त्यांवर व्यापार केल्याबद्दल, बोस्कीनें दहा कोटि डॉलर भरण्याचें कबूल केलें. पुढें तो तुरुंगांतहि गेला. हा व्यवहार उघडकीस आणणाऱ्या सरकारी मंडळाचे अध्यक्ष जॉन शॅड हे स्वतः हार्वर्डच्या व्यापारशाळेचे १९४९ सालचे विद्यार्थी. आरोपींच्या यादींत नामांकित विद्यालयांचे पदवीधर पाहून त्यांस खेद झाला, आणि १९८७ सालीं त्यांनीं नीतिशिक्षणाकरितां आपल्या शाळेस दोन कोटि डॉलर देण्याचें वचन दिलें. दात्याचा हेतु निर्मळ होता. पण इतकें द्रव्य हातीं असूनहि त्याचें काय करावें, याविषयीं शाळेंतच मतभेद होते. कित्येक अध्यापकांचें म्हणणें असें पडलें कीं, चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षीं सचोटी शिकवितां येत नाहीं. ती आईच्या मांडीवर शिकावी लागते. शेवटीं पहिल्या वर्षाच्या आरंभीं एक लहानसा, सर्वांस अनिवार्य, परंतु गुण नसलेला भाग घालण्यांत आला. विद्यार्थी चाणाक्ष असतात. ज्यास गुण नाहींत त्यास शाळा किती मोल देते, हें त्यांस सांगावें लागत नाहीं.

याच शॅड यांच्या बरोबरीच्या वर्गांत जेम्स बर्क नांवाचा एक विद्यार्थी होता. तो पुढें जॉन्सन आणि जॉन्सन या औषधी कंपनीचा प्रमुख झाला. १९८२ सालीं शिकागोच्या परिसरांत कोणा दुष्टानें त्या कंपनीच्या डोकेदुखीवरील औषधाच्या कुप्यांत विष घातलें व सात माणसें मेलीं. कंपनीचा यांत अपराध नव्हता. तथापि बर्क यांनीं सबंध देशांतून सुमारें तीन कोटि दहा लक्ष कुप्या परत मागविल्या, व त्यापायीं दहा कोटि डॉलरांहून अधिक नुकसान सोसलें. ही हकीगत आज जगांतील बहुतेक व्यापारशाळांत शिकविली जाते. पण तिच्यामागील एक गोष्ट पुष्कळदां सांगावयाची राहून जाते. त्या कंपनीचा एक कर्तव्यलेख १९४३ पासून होता, आणि त्यांत रोगी व वैद्य पहिले, भागधारक सर्वांच्या शेवटीं, असा क्रम लावलेला होता. विष सांपडण्यापूर्वीं कित्येक वर्षें बर्क यांनीं आपल्या कारभाऱ्यांस एकत्र बसवून विचारलें होतें कीं, हा लेख आपण खरोखर पाळणार आहों काय? नसल्यास भिंतीवरून काढून टाकूं. त्या वादांतून त्यांची मनें आधींच तयार झालेलीं होतीं. म्हणून संकटाच्या दिवशीं निर्णयास वेळ लागला नाहीं. नुसता लेख कंपनीस वाचवीत नाहीं, याचा पुरावा पुढें एन्रॉननें दिला. तिच्या नीतिनियमांचें पुस्तक चौसष्ट पानांचें होतें!

लेख भिंतीवर असून मनुष्य वाटेंत कसा पडून राहतो, याची एक हकीगत १९८३ सालीं हार्वर्डच्या व्यापारविषयक नियतकालिकांत आली. ती लिहिणारे बोवेन मकॉय हे न्यूयॉर्कच्या एका मोठ्या पेढीचे भागीदार. ते नेपाळांत मुक्तिनाथाकडे जाणारी अठरा हजार फुटांवरील खिंड ओलांडीत होते. पहांटे वर चढत असतां न्यूझीलंडच्या एका प्रवाशानें एक अर्धनग्न, थंडीनें काकडलेला साधु त्यांच्यापुढें आणून ठेवला व आपल्या सोबत्यांकडे परत गेला. मकॉय यांनीं त्याची नाडी पाहिली. स्वित्झर्लंडच्या प्रवाशांनीं त्यास कपडे दिले. जपानी प्रवाशांनीं अन्नपाणी दिलें. हमालांनीं त्यास उन्हांतल्या एका खडकापाशीं नेऊन बसविलें, आणि खालची झोंपडी बोटानें दाखविली. सूर्य चढला कीं बर्फाच्या पायऱ्या वितळतील व खिंड हातची जाईल, ही प्रत्येकास घाई होती. प्रत्येकानें थोडें थोडें केलें. साधूस गांवापर्यंत पोंचविण्याची जबाबदारी मात्र कोणीच घेतली नाहीं. तो जगला कीं मेला, हें त्यांस कधींच कळलें नाहीं. मकॉय यांचे सोबती, मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन, यांनीं त्यांस पुढें या प्रश्नावरून सोडलें नाहीं. तो साधु चांगल्या पोषाखांतील पाश्चात्य मनुष्य असता, तर आपण असेच पुढें गेलों असतों काय, असें ते विचारीत.

ही हकीगत वर्गांत इतकी वर्षें टिकून राहिली, याचें कारण तींत एकहि दुष्ट मनुष्य नाहीं हेंच होय. बोस्कीची गोष्ट ऐकून प्रत्येक विद्यार्थी मनांत म्हणतो, मी असा नाहीं. साधूची गोष्ट ऐकून असें म्हणण्याची त्यास सोय राहत नाहीं. याच मुद्द्यास पुष्टि देणारा एक प्रयोग १९७३ सालीं प्रसिद्ध झाला होता. प्रिन्स्टन येथील धर्मोपदेशाच्या चाळीस विद्यार्थ्यांस एका इमारतींतून दुसऱ्या इमारतींत भाषण देण्यास पाठविण्यांत आलें, व वाटेंत कण्हत असलेला एक मनुष्य बसवून ठेवला होता. कांहींच्या भाषणाचा विषय तर वाटेंतील जखमी प्रवाशास मदत करणाऱ्या सत्पुरुषाचा बायबलांतील दृष्टांत हाच होता. तथापि मदतीस कोण थांबला हें भाषणाच्या विषयावरून ठरलें नाहीं. कोणास किती घाई होती यावरून ठरलें. सवड असलेल्यांपैकीं शेंकडा ६३ थांबले. उशीर झाला आहे असें सांगितलेल्यांपैकीं शेंकडा १० च. धर्मग्रंथ पढलेल्यांची ही स्थिति, मग तिमाहीच्या आंकड्यांची घाई मागें लागलेल्या कारभाऱ्याची काय कथा! यावरून असें दिसतें कीं, सन्मार्ग कोणता हें सांगून शिक्षकाचें अर्धें काम देखील होत नाहीं. घाई, वरिष्ठांचा दाब, आणि सर्वांनीं मिळून थोडें थोडें करून जबाबदारी हवेंत सोडण्याची रीत, या गोष्टी ओळखावयास शिकविणें हें खरें काम आहे.

१९८७ च्या देणगीनंतरहि खरा हिशेब व्हावयाचा होताच. २००१ च्या डिसेंबरांत एन्रॉन ही वीज व वायूचा व्यापार करणारी बलाढ्य कंपनी खोट्या जमाखर्चाच्या ओझ्याखालीं कोसळली. तिचा सूत्रधार जेफ्री स्किलिंग हा हार्वर्डच्या व्यापारशाळेचा १९७९ सालचा हुशार पदवीधर. त्यास २००६ सालीं चोवीस वर्षांची शिक्षा झाली, व ती पुढें कमी होऊन चौदा वर्षांवर आली. शाळेस याहून मोठी टोंचणी अशी होती कीं, कोसळण्यापूर्वीं याच कंपनीच्या पराक्रमाच्या हकीगती तिनें नमुना म्हणून वर्गांत शिकविल्या होत्या. २००४ सालीं मग शाळेनें पहिल्या वर्षांत नेतृत्व व कंपन्यांची जबाबदारी या विषयाचा पूर्ण लांबीचा, अनिवार्य व परीक्षा असलेला अभ्यासक्रम सुरू केला. लिन शार्प पेन या अध्यापिकेचा त्यांत मोठा वांटा होता. यांत प्रत्येक निर्णय तीन अंगांनीं पारखावयाचा असतो: तो व्यवहारास परवडतो काय, कायद्यास धरून आहे काय, आणि नीतीस धरून आहे काय. तिन्ही प्रश्न एकाच टेबलावर आले, हा या अभ्यासक्रमाचा आमच्या मतें सर्वांत मोठा गुण. पाऊणशें वर्षांपूर्वीं नीतीस जी वेगळी खोली दिली होती, तिची भिंत येथें पहिल्यानेंच कांहीं अंशीं पाडली गेली.

पुढच्याच वर्षीं शाळेस तिच्याच पाठाची परीक्षा द्यावी लागली. २००५ च्या मार्चमध्यें कित्येक उमेदवारांनीं, प्रवेशाच्या कामाकरितां नेमलेल्या एका त्रयस्थ कंपनीच्या संगणकीय यंत्रणेंतील फट शोधून, आपला निकाल जाहीर होण्यापूर्वींच पाहण्याचा यत्न केला. फट इतकी सोपी होती कीं अर्ध्या मिनिटांत काम होई. कित्येकांस तर कोरें पानच दिसलें. हार्वर्डनें अशा ११९ उमेदवारांस सरसकट प्रवेश नाकारला. यावर वाद माजला. कुलूप लावलें नव्हतें तर दार ढकलणाऱ्याचा काय दोष, असें कांहीं म्हणाले. चूक लहान व दंड मोठा, असें दुसरे म्हणाले. इतर कांहीं विद्यालयांनीं प्रत्येक अर्जाचा निराळा विचार केला. दंडाच्या मापाविषयीं मतभेदास जागा आहे, हें आम्हीहि मान्य करतों. परंतु या निमित्तानें एक गोष्ट घडली, जी कोणत्याहि पाठ्यपुस्तकानें घडली नसती: हुशार उमेदवार गमावण्याचा तोटा सोसून शाळेनें आपला शब्द कृतींत उतरविला, आणि तें सर्वांनीं पाहिलें. त्याच काळांत अमेरिका व कॅनडा येथील पांच हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी झाली. तींत व्यापाराच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकीं शेंकडा ५६ जणांनीं, तर इतर विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकीं शेंकडा ४७ जणांनीं, आदल्या वर्षांत अभ्यासांत लबाडी केल्याचें स्वतःच कबूल केलें. परीक्षेंतील नक्कल आणि खोटा ताळेबंद यांच्यामध्यें वाटतें तितकें अंतर नाहीं.

२००८ च्या आर्थिक संकटानें पुन्हां एकदां हा प्रश्न ऐरणीवर आणला. २००९ सालीं हार्वर्डच्या बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांनींच वैद्यांच्या शपथेच्या धर्तीवर एक शपथ तयार केली, व त्यांच्या वर्गांतील निम्म्याहून अधिक जणांनीं तीवर सह्या केल्या. आदल्या वर्षीं खुराना व नितीन नोहरिया या दोघां अध्यापकांनीं कारभारास खऱ्या व्यवसायाचें रूप द्या, असा लेख लिहिला होता. नोहरिया हे मुंबईच्या पवई येथील आय. आय. टी. चे पदवीधर, तेच पुढें २०१० सालीं शाळेचे प्रमुख झाले. शपथेची थट्टा करणारे थोडे नव्हते. शपथ मोडल्यास वैद्याची सनद जाते. कारभाऱ्यास सनदच नसते, तर जावयाचें काय? ही टीका बिनतोड आहे. तथापि १९०८ सालचें वचन विद्यार्थ्यांस स्वतःहून आठवावें, हें आम्हांस शुभचिन्ह वाटतें.

शपथेपेक्षां अधिक उपयोगी असें पाऊल मेरी जेंटिली या बाईंनीं टाकलें. शॅड यांच्या देणगीनंतरच्या प्रयत्नांत त्या हार्वर्ड येथें सामील होत्या. अनुभवाअंतीं त्यांच्या ध्यानांत असें आलें कीं, बहुतेक तरुणांस योग्य काय हें कळतें. पण वरिष्ठापुढें तें बोलावें कसें हें कळत नाहीं. २०१० सालीं त्यांनीं आपली पद्धति ग्रंथरूपानें मांडली. त्या वर्गांत योग्य काय हा वाद घालीत बसत नाहींत. योग्य काय तें ठरलें असें समजून पुढचा प्रश्न टाकतात: आतां हें कोणापुढें, कोणत्या शब्दांत, कोणती आंकडेवारी हातीं घेऊन मांडाल? समोरचा म्हणेल, सगळेच असें करतात. त्यास काय उत्तर द्याल? विद्यार्थी हें उत्तर लिहितो, मोठ्यानें बोलतो, सोबत्यांकडून सुधारून घेतो व पुन्हां बोलतो. आपल्याकडे पहिलवान आखाड्यांत ज्याप्रमाणें एकच डाव शंभरदां घोटवितात, त्याप्रमाणेंच ही तालीम आहे. कुस्तीच्या दिवशीं डाव आठवून करावयाचा नसतो. तो हातांत असावा लागतो.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १९६१ सालीं अहमदाबाद येथील संस्था हार्वर्डच्या व कलकत्ता येथील संस्था मॅसाच्युसेट्सच्या तंत्रविद्यासंस्थेच्या साहाय्यानें निघाली; मुंबईंत १९६५ सालीं जमनालाल बजाज यांच्या नांवाची संस्था स्टॅनफर्डच्या सहकार्यानें सुरू झाली. त्यानंतर अशा विद्यालयांचें देशांत अमाप पीक आलें. यांच्या इतिहासांतून दोन प्रसंग शेजारीं शेजारीं ठेवण्याजोगे आहेत. पहिला अहमदाबादचा. तेथील पहिले पूर्णवेळ संचालक रवि मथाई यांनीं १९६५ पासून संस्था नांवारूपास आणली, आणि १९७२ सालीं, कीर्ति शिगेस असतां, वयाच्या पंचेचाळिशींत, संचालकपद आपण होऊन सोडून दिलें. सोडून ते कोठें मोठ्या कंपनींत गेले नाहींत. त्याच संस्थेंत साधे अध्यापक म्हणून राहिले, आणि पुढें राजस्थानांतील जवाजा येथें विणकर व चर्मकार यांच्यांत जाऊन त्यांनीं काम केलें. खुर्ची ही मालकीची वस्तु नव्हे, हा पाठ त्यांनीं एकहि व्याख्यान न देतां शिकविला.

दुसरा प्रसंग हैदराबादचा. २००९ च्या ७ जानेवारीस सत्यम् कंपनीच्या अध्यक्षांनीं पत्र लिहून कबूल केलें कीं, ताळेबंदांत दाखविलेली पांच हजार कोटि रुपयांहून अधिक रोकड मुळीं अस्तित्वांतच नाहीं. त्या कंपनीच्या संचालकमंडळावर हार्वर्डचे एक नामांकित अध्यापक होते, आणि हैदराबाद येथील मोठ्या व्यापारविद्यालयाचे प्रमुखहि होते. खोटे हिशेब या विद्वानांनीं लिहिले नव्हते. ते त्यांस दिसले नाहींत. पण तीनच आठवड्यांपूर्वीं अध्यक्षांच्या कुटुंबीयांच्या कंपन्या विकत घेण्याचा ठराव याच मंडळापुढें येऊन मंजूर झाला होता, व भागधारकांनीं ओरड केल्यामुळें तो कांहीं तासांत मागें घ्यावा लागला होता. सामान्य भागधारकास जें एका दृष्टिक्षेपांत खटकलें, तें ही विद्या शिकविणाऱ्यांच्या बैठकींत अडलें नाहीं! खिंडीवरच्या साधूचीच ही गोष्ट, निराळ्या वेषांत. दुष्ट एक असतो. त्याच्या भोंवतीं सज्जनांची रांग असते, आणि प्रत्येकजण आपल्या वांट्याचें थोडें थोडें करून पुढें जातो.

तेव्हां मेनोच्या प्रश्नास इतिहासानें दिलेलें उत्तर काय? लहानपणीं ज्याचें मन कोरडें राहिलें त्यास पंचविसाव्या वर्षीं व्याख्यानांनीं ओल आणतां येत नाहीं, हें खरें मानावें लागेल. पण अशीं माणसें थोडीं. बहुसंख्य तरुण सज्जन असून भित्रे, घाईंतले व चारचौघांबरोबर जाणारे असतात. आणि त्यांस शिकविण्याजोगें पुष्कळ आहे. मात्र तें जमाखर्चाच्या व विक्रीच्या वर्गांतच शिकवावें लागतें, गुणांनीं तोलावें लागतें, आणि तोंडानें बोलून घोटवावें लागतें. त्याहिपेक्षां महत्त्वाचें म्हणजे, शाळेनें स्वतःच्या जमाखर्चांत सचोटीपायीं कांहीं तोटा मांडलेला असावा लागतो. आपल्याकडे प्रवेशाच्या जाहिरातींत पदवीधरांच्या पगाराचे डोळे दिपविणारे आंकडे छापण्याची चाल पडली आहे. २०१० नंतर अहमदाबादच्या संस्थेनें पुढाकार घेऊन अशा आंकड्यांच्या मांडणीचे व तपासणीचे नियम केले, व कांहीं संस्थांनीं ते पाळले. नीतिशास्त्राच्या चार ग्रंथांपेक्षां या नियमांचें मोल आम्हांस अधिक वाटतें. जी शाळा आपला सरासरी पगार फुगवून छापते तिच्या विद्यार्थ्यानें पुढें ताळेबंद फुगविला, तर त्यानें पाठ चुकीचा केला असें म्हणतां येणार नाहीं. तो त्यानें नीट शिकून घेतलेला असतो.

मराठींत पत या एकाच शब्दानें कर्ज मिळण्याची लायकी आणि मनुष्याची अब्रू या दोन्हींचा बोध होतो. पेढीवर बसणाऱ्या आपल्या पूर्वजांस हे दोन अर्थ निराळे वाटले नाहींत. ज्या विद्यालयांत ते पुन्हां एका वर्गांत, एका टेबलावर आणि एकाच परीक्षेंत येतील, त्या विद्यालयानें १९०८ सालच्या वचनांतील आपला वांटा फेडला असें समजावें.